क्लासचा प्रोजेक्ट फोल्डरमध्येच पडून राहतो का? १९७२ मधल्या एका ‘हाता’ची गोष्ट



व्हिडिओ एडिटिंग, ॲनिमेशन, ग्राफिक डिझाइन, डिजिटल आर्ट... यापैकी काहीतरी शिकताय, आणि पुढे त्यातच स्वतःचं काम सुरू करायचंय? मग आजचा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी एक प्रश्न. कोर्समध्ये तुम्ही जे प्रोजेक्ट केले, ते आता कुठे आहेत? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ अशा नावांच्या फोल्डरमध्ये. सरांना दाखवले, मार्क मिळाले, सर्टिफिकेट आलं, विषय संपला. मग पहिलं गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, “तुमचं काम दाखवा की.” तेव्हा दाखवायला असतं काय? उडत येणारा लोगो, सूर्यास्ताचं चित्र, आणि कुठल्या तरी गाण्यावर कापलेले प्रवासाचे क्लिप. गिऱ्हाईक बघतं, “छान आहे” म्हणतं आणि निघून जातं.

काम वाईट होतं का? नाही. पण त्यात गिऱ्हाइकाची कुठलीच अडचण सुटलेली नव्हती. म्हणूनच आज एका क्लास प्रोजेक्टची गोष्ट सांगतो. तो केला होता एका विद्यार्थ्याने, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी, अमेरिकेत.

चित्रकार व्हायचं होतं, पण...

या विद्यार्थ्याचं नाव एड कॅटमल. लहानपणी त्याला डिस्नेमध्ये ॲनिमेटर व्हायचं होतं. पुढे त्याला वाटलं, आपला चित्रकलेचा हात काही तेवढा तयार नाही. म्हणून तो फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सकडे वळला. युटा विद्यापीठातून पदवी घेतली, बोइंग कंपनीत नोकरी लागली, आणि थोड्याच दिवसांत मोठी कर्मचारी कपात झाली, त्यात ती गेलीही. मग तो परत युटा विद्यापीठात शिकायला आला.

तिथे कॉम्प्युटरवर चित्रं काढण्याचं संशोधन चालू होतं. आयव्हन सदरलंड आणि डेव्हिड इव्हान्स यांच्यासारखे शिक्षक होते. कॅटमलला तिथे दिसलं, की हातात पेन्सिल न धरताही ॲनिमेशन करता येईल. आणि त्याने एक ध्येय ठरवलं : कधीतरी पूर्ण लांबीचा सिनेमा कॉम्प्युटरवर बनवायचा.

हे आज ऐकायला सोपं वाटतं. पण तेव्हा कॉम्प्युटरवर साधा गोल चेंडू नीट दाखवणं हीच मोठी गोष्ट होती.

प्लॅस्टर, उपटलेले केस आणि ३५० तुकडे

१९७२ मध्ये क्लाससाठी फिल्म करायची वेळ आली. कॅटमलने विषय निवडला : स्वतःचा डावा हात. आपल्या ‘क्रिएटिव्हिटी, इन्कॉर्पोरेटेड’ या पुस्तकात त्याने हे सगळं सविस्तर लिहिलंय.

आधी त्याने आपला हात प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून साचा घेतला. पण बुडवायच्या आधी हाताला व्हॅसलिन लावायचं विसरला! साचा सुटेना. शेवटी हात ओढून काढला, तेव्हा मागचे बारीक केस उपटून निघाले. मग त्या साच्यात प्लॅस्टर ओतून हाताची प्रतिकृती केली. तिच्यावर एकमेकांना चिकटलेले सुमारे ३५० त्रिकोण आणि बहुकोण आखले. प्रत्येक टोकाची जागा मोजून ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले. थोडक्यात, हाताची कातडी छोट्या सपाट तुकड्यांमध्ये विभागली.

मग पुढची अडचण. सपाट तुकडे जोडले की हात दिसतो हिऱ्यासारखा, पैलू पाडलेला. खरा हात गुळगुळीत असतो. त्याच विभागात आंरी गुरॉ नावाच्या विद्यार्थ्याने १९७१ मध्ये सपाट तुकड्यांवरचा उजेड हळूहळू मिसळून पृष्ठभाग गुळगुळीत दाखवायची पद्धत शोधली होती. हात गुळगुळीत दाखवायला अशीच पद्धत लागणार होती. शिवाय बोटं दुमडली की कातडी फाटता कामा नये, हेही बघायचं होतं.

या फिल्ममध्ये कॅटमलबरोबर फ्रेड पार्क हा विद्यार्थीही होता. त्याने कॉम्प्युटरवर माणसाचा चेहरा हलवून दाखवला. कॅटमलचा हात उघडतो, मिटतो, बोट दाखवतो, आणि शेवटी कॅमेरा हाताच्या आतसुद्धा शिरतो. मिनिट-दोन मिनिटांच्या या कामामागे आपली साठ हजारांहून जास्त मिनिटं गेली, असं कॅटमल सांगतो. गणित करा : हजार तासांच्या वर!

या प्रोजेक्टचं पुढे काय झालं? १९७६ मध्ये ‘फ्यूचरवर्ल्ड’ या हॉलिवूडच्या सिनेमात हा हात वापरला गेला. थ्री-डी कॉम्प्युटर चित्रं वापरणारा तो पहिला मोठा सिनेमा मानला जातो. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवायच्या फिल्म्सच्या सरकारी यादीत, या विद्यार्थी-फिल्मचा समावेश झाला. आणि तो विद्यार्थी? पुढे पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला.

आता तुम्ही म्हणाल, “सर, ते पिक्सार, आम्ही इथे लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोय.” बरोबर आहे. म्हणूनच पिक्सारची चमक बाजूला ठेवू. त्यातलं तुमच्या-आमच्या कामाचं काय, ते बघू.

पहिली गोष्ट : विषय साधा घ्या, प्रश्न अवघड घ्या

कॅटमलने राक्षस, अंतराळयान असलं काही निवडलं नाही. हात निवडला. रोजचा, सगळ्यांनी पाहिलेला. पण हात निवडण्यात एक पेच होता. हात कसा दिसतो हे प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे जरा चुकलं की लगेच कळतं. म्हणजे विषय सोपा, कसोटी कडक.

आपल्याकडे उलटं होतं. विद्यार्थी विषय भव्य घेतात आणि काम तयार टेम्प्लेटवर उरकतात. त्याने मार्क मिळतील, पण धंद्याला उपयोग शून्य. टेम्प्लेट तर गिऱ्हाइकाच्या भाच्याकडेही मोबाइलमध्ये असतं!

मग तुमचा ‘हात’ कुठला? काही उदाहरणं देतो :

- स्टीलच्या भांड्यांचा किंवा दागिन्यांचा व्हिडिओ, ज्यात ट्यूबलाइटची पांढरी रेघ आणि कॅमेरा धरलेले तुम्ही स्वतः दिसत नाही.
- गरम मिसळीची वाफ मोबाइलच्या कॅमेऱ्यात खरीखुरी दिसणं.
- रस्त्याकडेच्या दुकानात हॉर्नच्या गोंगाटात दुकानदाराचा आवाज स्वच्छ ऐकू येणं.
- मराठी अक्षरं छोट्या स्क्रीनवर नीट वाचता येणं, ‘र्‍या’ आणि ‘क्ष’ न फुटणं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय गोंधळ होतो, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

यातला एक प्रश्न घ्या आणि पुढचा प्रोजेक्ट फक्त तो सोडवण्यासाठी करा. भांडेवाल्या दुकानदाराला तुमचा सूर्यास्त नको आहे. त्याला त्याची कढई चमकलेली, पण चकाकी न मारणारी हवी आहे. ते ज्या दिवशी तुम्हाला जमलं, त्या दिवशी तुमच्याकडे विकायला काहीतरी आलं.

दुसरी गोष्ट : तयार काम दाखवा, केलेलं कामही दाखवा

त्या १९७२ च्या फिल्ममध्ये नुसता हलणारा हात नाही. प्लॅस्टरचा हात, त्याच्यावर आखलेल्या रेषा, मोजमाप हेही त्यात दिसतं. आधी तारांच्या जाळीसारखा हात, मग पैलूंचा, मग गुळगुळीत. बघणाऱ्याला समजतं की हे आपोआप झालं नाही, कुणीतरी विचार करून केलंय.

तुम्हीही हे ठेवा. प्रत्येक प्रोजेक्टचे तीन टप्पे जपून ठेवा : कच्चं शूटिंग, मधला टप्पा, तयार व्हिडिओ. तिन्ही मिळून तीस सेकंदांचा तुकडा बनवा. गिऱ्हाइकाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ शेजारी शेजारी दिसलं, की “एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?” हा प्रश्न निम्मा तिथेच मिटतो.

आणि सोबत्यांचं काम वापरायला लाजू नका. अर्थात सांगून, श्रेय देऊन. त्या विभागात एकाची युक्ती दुसऱ्याच्या कामाला यायची. तिथूनच शिकलेल्या जॉन वॉर्नॉकने पुढे भागीदाराबरोबर १९८२ मध्ये ॲडोबी सुरू केली, जिचं फोटोशॉप आज तुम्ही वापरता. तिथल्याच जिम क्लार्कने सिलिकॉन ग्राफिक्स काढली. तुमच्या क्लासमधला जो आवाज उत्तम करतो आणि जी मुलगी चित्रं सुंदर काढते, ती तुमची उद्याची टीम आहे. त्यांचे नंबर जपून ठेवा.

तिसरी गोष्ट : पहिला नकार हा बाजाराचा शेवटचा शब्द नसतो

फिल्म झाली, कौतुक झालं. मग कॅटमल डिस्नेच्या स्टुडिओत गेला. ज्या कंपनीचं स्वप्न लहानपणी पाहिलं होतं, तीच. विद्यापीठ आणि डिस्ने यांनी मिळून काहीतरी करावं असा प्रस्ताव होता. डिस्नेला कॉम्प्युटर ॲनिमेशनमध्ये रसच नव्हता. उलट त्यांनी त्याला एका राइडच्या, स्पेस माउंटनच्या, डिझाइनसाठी काम देऊ केलं. ते त्याने नाकारलं.

त्यानंतर सरळ रस्ता नव्हता. १९७४ मध्ये पीएचडी झाली. मग न्यूयॉर्कमधल्या एका संस्थेत प्रयोगशाळा उभी केली. १९७९ मध्ये जॉर्ज लुकासच्या लुकासफिल्ममध्ये गेला. १९८६ मध्ये तोच विभाग वेगळा होऊन पिक्सार कंपनी झाली, पैसे घातले स्टीव्ह जॉब्सने. ‘टॉय स्टोरी’, म्हणजे पूर्ण कॉम्प्युटरवर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, आला १९९५ मध्ये. आणि तो वितरित कुणी केला? डिस्नेने! २००६ मध्ये तर डिस्नेने ७.४ अब्ज डॉलरला पिक्सार विकतच घेतली.

हाताच्या प्रोजेक्टपासून ‘टॉय स्टोरी’पर्यंत २३ वर्षं. आता कुणी तुम्हाला ‘तीन महिन्यांत लाखो कमवा’ म्हणत असेल, तर हा आकडा आठवा. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. २३ वर्षं काही नुसती वाट बघण्यात गेली नाहीत. मधल्या काळात चूल पेटती ठेवावी लागली. आणि ती कशी ठेवली, हाच आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

चौथी गोष्ट : दर ठरवताना पिक्सारही फसली

पिक्सार सुरू झाली तेव्हा ती सिनेमे विकत नव्हती, मशीन विकत होती. ‘पिक्सार इमेज कॉम्प्युटर’ नावाचं. किंमत एक लाख डॉलरच्याही वर. कॅटमलने पुस्तकात लिहिलंय, की दर कसा ठरवायचा हे त्याला माहीत नव्हतं. जाणकारांनी सल्ला दिला : आधी जास्त लावा, नंतर कमी करता येतो. त्यांनी तसंच केलं. बाजारात नाव झालं, ‘चांगलं आहे, पण फार महाग.’ नंतर किंमत उतरवली, तरी लोकांच्या डोक्यातलं ‘महाग’ काही गेलं नाही. मशीन फारशी खपली नाहीत आणि १९९० मध्ये तो विभाग विकून टाकावा लागला. त्या काळात कंपनीने जाहिराती बनवल्या, सॉफ्टवेअर विकलं, आणि छोट्या फिल्म करत हात चालू ठेवला. त्यातल्याच ‘टिन टॉय’ला ऑस्कर मिळालं.

आपल्याकडे चूक उलट्या बाजूने होते. नवीन मुलं दर इतका खाली लावतात, की ‘स्वस्तातला एडिटर’ हा शिक्का बसतो. तोही तसाच निघत नाही! दोन्हीवर उपाय एकच : दर अंदाजाने नाही, तासांवरून ठरवा. आणि तास मोजायची सवय लावायची उत्तम जागा म्हणजे क्लासचा प्रोजेक्ट, कारण तिथे गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं नसतं.

एक उदाहरण करून बघू. समजा, घरगुती लोणच्याच्या उद्योगासाठी ३० सेकंदांचा व्हिडिओ केलात :

- शूटिंग : ३ तास
- क्लिप निवडणं : २ तास
- एडिटिंग : ५ तास
- मराठी टायटल : दीड तास
- आवाज आणि संगीत : दीड तास
- सांगितलेले बदल : ३ तास

झाले १६ तास. आता समजा, घरखर्च आणि लाइट-नेट-दुरुस्ती मिळून महिन्याला तुम्हाला २५,००० रुपये लागतात. महिन्यात २५ दिवस काम करता, पण दिवसातले पैसे मिळवून देणारे तास साधारण ४ धरा. बाकी वेळ फोन, फेऱ्या, वसुली यात जातो. म्हणजे १०० तास. तासाला २५० रुपये. या व्हिडिओचा दर आला ४,००० रुपये.

आता कुणी म्हणालं, “१,५०० मध्ये करून दे ना रे,” तर तुम्हाला कळतं की तासाला ९४ रुपयेसुद्धा पडत नाहीत. घ्यायचं की सोडायचं हे तुम्ही ठरवा. पण आकडा माहीत असताना ठरवा.

पाचवी गोष्ट : कागद आणि परवाने

विद्यार्थी असताना ज्या गोष्टी चालून जातात, त्या धंद्यात चालत नाहीत.

*सॉफ्टवेअर.* बऱ्याच सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी आवृत्तीवर पैसे घेऊन काम करायला परवानगी नसते. अटी वाचा. ब्लेंडर हे थ्री-डीचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि व्यावसायिक कामालाही चालतं. दा विंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे. सुरुवात तिथून करता येते.

*संगीत.* प्रोजेक्टमध्ये टाकलेलं सिनेमाचं गाणं गिऱ्हाइकाच्या जाहिरातीत टाकू नका. परवाना असलेलं संगीत घ्या आणि त्याची पावती किंवा अटींचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

*मालकी कुणाची?* हे नीट वाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या १७ व्या कलमानुसार, कुणी मोबदला देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक साधारणपणे पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्हीच केलेलं काम स्वतःच्या चॅनेलवर दाखवायलाही अडचण येऊ शकते! म्हणून काम घेतानाच दोन ओळी लिहून घ्या : नमुना म्हणून हे काम दाखवायची मला परवानगी आहे, आणि कच्च्या फाइल देणार की नाही, देणार तर किती पैशांत. सोबत तिसरी ओळ : दोन वेळा बदल दरात धरलेत, पुढच्या प्रत्येक बदलाला वेगळे पैसे. व्हॉट्सॲपवर का होईना, पण लिहून घ्या. मोठं काम असेल तर वकिलाला दाखवा.

आता या आठवड्याचं काम

वाचून बंद करू नका. वही घ्या आणि हे करा :

१. तुमच्या गल्लीतल्या एका व्यावसायिकाकडे जा. “व्हिडिओ करून देऊ का?” असं विचारू नका. “दादा, तुमच्या मालाचे फोटो-व्हिडिओ काढताना नेमकं काय बिघडतं?” असं विचारा. उत्तर लिहून घ्या.
२. तीच अडचण तुमच्या पुढच्या क्लास प्रोजेक्टचा विषय करा. सरांना सांगा, बहुतेक शिक्षकांना आनंदच होईल.
३. पहिल्या मिनिटापासून तास लिहा. कंटाळा आला, रेंडर अडकलं, फाइल उडाली, ते तासही लिहा.
४. कच्चं, मधलं, तयार असे तीन टप्पे जपा. फाइलला तारीख आणि आवृत्ती क्रमांक द्या, आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.
५. काम झालं की आधी त्या दुकानदाराला दाखवा, मग सरांना. मार्क दोघांकडूनही घ्या.

दुकानदार म्हणाला, “हे माझ्या शेजाऱ्यालाही दाखव,” तर समजा तुमचा प्रोजेक्ट पास झाला. आणि नाही म्हणाला, तर का नाही ते विचारा. ते कारण म्हणजेच तुमच्या पुढच्या प्रोजेक्टचा विषय.

कॅटमलच्या त्या हातात फक्त ३५० तुकडे होते. आज तुमच्या मोबाइलमधल्या साध्या गेममधल्या पात्रातही त्याहून कितीतरी जास्त असतात. साधनं आज तुमच्याकडे त्याच्यापेक्षा हजारपट चांगली आहेत. प्रश्न एवढाच आहे, की ती तुम्ही कुणाची अडचण सोडवायला वापरताय.

तुमच्या गल्लीतल्या दुकानदाराने काय उत्तर दिलं, ते खाली कॉमेंटमध्ये नक्की लिहा. दर ठरवायचं गणित फळ्यावर सोडवून दाखवलेला व्हिडिओ चॅनेलवर आहे, तो वही-पेन घेऊन बघा.

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत काम करत राहा, आणि तास लिहीत राहा!